तिजोरीची किल्ली

१९२५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या 'अ‍ॅथलेटिक न्यूज' या क्रीडा साप्ताहिकात एक जाहिरात आली. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबाला मॅनेजर हवा होता. अनुभवी हवा, लायक हवा, चारित्र्य चांगलं हवं, हे नेहमीचं सगळं त्यात होतंच. पण शेवटी एक अट होती, आणि ती वाचून मी मोठ्याने हसलो. ज्या सद्गृहस्थांना भरमसाठ ट्रान्सफर फी मोजल्याशिवाय चांगला संघ उभा करता येत नाही त्यांनी अर्ज करू नये, अशा अर्थाची ती अट होती.

हसू आलं, कारण ही जाहिरात मी जालन्याच्या एमआयडीसीत इतक्या वेळा ऐकली आहे की पाठ झाली आहे. आमच्याकडे ती छापत नाहीत, तोंडी देतात. "माणूस हुशार पाहिजे, प्लँट एकहाती सांभाळणारा पाहिजे, पण उठसूट पैसे मागणारा नको."

तर मंडळी, आजचा विषय फुटबॉलचा आहे. घरातली मंडळी (विशेषतः ज्यांना मागच्या लेखात ऑफसाइड समजावताना मी दमलो होतो ती) पळून जाऊ नका. ऑफसाइडचा आज संबंध नाही. विषय पैशाचा आहे आणि तो सगळ्यांना कळतो.

जालन्याचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं कोणी विचारेल. तसा फारसा नाही. आमच्या गावाचं नाव खेळात निघालं ते विजय झोलमुळे, तेही क्रिकेटात. बाकी आमची ओळख म्हणजे बियाणं आणि सळया. पण तेव्हा रात्री वीज स्वस्त पडायची म्हणून भट्ट्या रात्री जोरात चालायच्या, आणि इंग्लंडातल्या मॅचेस आपल्याकडे बरोबर त्याच वेळी टीव्हीवर लागतात. रात्रपाळीला हिशेबाच्या टेबलावर बसून मी फुटबॉल शिकलो तो असा. बाहेर भंगाराचा मॅग्नेट धडधडतोय, आत छोट्या टीव्हीवर आर्सेनल खेळतंय. पुढे खेळापेक्षा खेळामागच्या हिशेबात जास्त रस वाटायला लागला. शेवटी जातीचा हिशेबनीस मी.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. क्लब मालकांचा किंवा भागधारकांचा असतो. त्यांचं संचालक मंडळ असतं, त्याला बोर्ड म्हणतात, आणि त्याचा एक अध्यक्ष असतो. संघ निवडतो, सराव घेतो, डाव आखतो तो मॅनेजर. एका क्लबाशी करार असलेला खेळाडू दुसऱ्या क्लबाला हवा असेल तर पहिल्या क्लबाला पैसे मोजावे लागतात, ती ट्रान्सफर फी. आता गोम इथे आहे. कोणता खेळाडू हवा हे मॅनेजरला कळतं आणि पैसे बोर्डाकडे असतात. संघ हरला तर नोकरी मॅनेजरची जाते, आणि पैसे बुडाले तर बोर्डाचे बुडतात. म्हणजे दोघांचीही मान अडकलेली असते, पण वेगवेगळ्या फासात. शंभर वर्षांतली सगळी भांडणं यातूनच निघाली आहेत.

आर्सेनलचे तेव्हाचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस. बांधकामाच्या धंद्यात पैसा केलेला, हुकूम करायची सवय असलेला माणूस. १९१३ साली क्लब उचलून उत्तर लंडनमधल्या हायबरीला आणला तो यांनीच. त्यांच्या हाताखालचे मॅनेजर होते लेस्ली नाइटन. नाइटन यांनी नंतर लिहिलं ते खरं मानलं तर एका खेळाडूवर १००० पौंडांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही आणि बुटके खेळाडू घ्यायचे नाहीत, अशी त्यांना तंबी होती. म्हणजे कापड कमी द्यायचं, वर अंगरखा कसा शिवायचा तेही सांगायचं. १९२४-२५ च्या हंगामात आर्सेनल २२ संघांत विसावं आलं आणि नाइटन घरी गेले. मग ती जाहिरात आली.

तिला उत्तर म्हणून आले हर्बर्ट चॅपमन. हडर्सफील्डसारख्या गिरण्यांच्या गावातल्या क्लबाला त्यांनी १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकून दिली होती. नॉरिसनी त्यांना वर्षाला २००० पौंड पगार दिला, जो त्या काळी डोळे पांढरे करणारा होता. गंमत बघा, खेळाडूंवर खर्च करायला हात आखडणारा मालक मॅनेजरच्या पगाराला मागेपुढे बघत नाही! आमच्याकडेही हे दिसतं. "माणूस महागाचा आणला, आता बाकी सगळं तोच बघेल" असा तो हिशेब असतो.

पण चॅपमन आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी खेळाडू मागितला. खेळाडू होता संडरलंडचा चार्ली बकन, वय ३३. संडरलंडला त्याचे ४००० पौंड हवे होते. नॉरिस म्हणाले, या वयाच्या माणसाला इतके? शेवटी अशी तोड निघाली की २००० पौंड रोख आणि पहिल्या हंगामात बकन जितके गोल करेल त्या प्रत्येकाला १०० पौंड. बकनने लीगमध्ये १९ आणि एफए कपात २ असे २१ गोल केले. करा हिशेब. २००० अधिक २१०० म्हणजे ४१०० पौंड. मागितलेल्यापेक्षा १०० पौंड जास्तच गेले! आणि दर गोलला पैसे मोजावे लागत असल्यामुळे आपलाच संघ गोल करतोय याचं मालकाला दुःख व्हावं अशी परिस्थिती.

पण नॉरिसना हसण्याआधी जरा थांबा. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं तर हा सौदा मूर्खपणाचा नव्हता. बकन म्हातारा निघाला असता, पायाला लागून बसला असता, तर २००० पौंड वाचले असते. त्यांनी जोखीम विकणाऱ्याच्या गळ्यात घातली होती. आम्ही भंगार घेताना 'वितळल्यावर जितकं निघेल तितक्याचे पैसे' म्हणतो, तेच हे. आणि आर्सेनल त्या वर्षी विसाव्या क्रमांकावरून थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं. १०० पौंड जास्त गेले म्हणून काय बिघडलं?

या नॉरिससाहेबांचं पुढे काय झालं तेही ऐका. १९२७ साली फुटबॉल असोसिएशनने त्यांच्यावर बंदी घातली. कारणं काय? क्लबाच्या पैशातून स्वतःच्या मोटारीच्या ड्रायव्हरचा पगार दिला, संघाची बस १२५ पौंडांना विकली आणि ते पैसे बायकोच्या खात्यात गेले, अशी. इतरांसाठी मूठ आवळणाऱ्याची बोटं स्वतःसाठी मात्र सैल होती. असो. ते गेल्यावर १९२८ मध्ये चॅपमननी बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी १०,८९० पौंड मोजले. दहा हजारांचा आकडा ओलांडणारी ती पहिली फी. १९३० साली एफए कप आला, १९३१ साली लीग आली. चॅपमन १९३४ च्या जानेवारीत अचानक न्यूमोनियाने गेले. जाहिरातीतली अट त्यांनी तीन वर्षांत पार मोडून टाकली होती, आणि कोणाचीच तक्रार नव्हती. जिंकणाऱ्याच्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात, हरणाऱ्याच्या खर्चाला उधळपट्टी.

*

हा सगळा इतिहास आत्ताच उकरायचं कारण माझा भाचा. (नाव लिहिलं तर मारेल. घरच्यांनी ओळखलंच असेल.) तो एका स्टीलच्या कारखान्यात प्लँट इनचार्ज झाला आहे. कोणत्या ते लिहीत नाही, आणि कोणी विचारूही नका. पगार वाढला, केबिन मिळाली, गाडी मिळाली. तिजोरीची किल्ली मात्र मिळाली नाही. भट्टीचं अस्तर झिजलं की भट्टी थांबवून ते काढून पुन्हा भरावं लागतं. त्यासाठी उत्पादन थांबतं आणि माल लागतो. क्रेनचे दोर बदलायचे, थंड पाण्याच्या लाइनचं काम करायचं, अशी त्याची यादी होती. सळयांना भाव बरा आहे तोवर हीट चालू द्या, नंतर बघू, असं त्याला सांगण्यात आलं. एकदा नाही, तीनदा.

फोनवर म्हणाला, "मामा, काही झालं तर पहिलं नाव माझं येणार. पैसे मात्र ते देणार नाहीत. राजीनामा देऊन टाकू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. आपला स्वभाव असा की उत्तर शोधायला आधी जुन्या गोष्टींत शिरायचं. म्हणून पुढची दोन माणसं आठवली.

पहिला ब्रायन क्लफ. १९६७ साली डर्बी काउंटी या दुसऱ्या वर्गातल्या क्लबात तो आला, सोबत पीटर टेलर हा जोडीदार. अध्यक्ष होते सॅम लाँगसन, मालवाहतुकीच्या धंद्यातले, ट्रकवाले. सुरुवातीला दोघांचं बापलेकासारखं सख्य. पाच वर्षांत, म्हणजे १९७२ साली डर्बी इंग्लंडचं विजेतं झालं. त्या वाटेवर १९७१ च्या फेब्रुवारीत क्लफने संडरलंडचा कॉलिन टॉड सुमारे पावणेदोन लाख पौंडांना घेतला. अध्यक्ष तेव्हा कॅरिबियनमध्ये सुट्टीवर होते. त्यांना तार गेली म्हणे, की तुमच्यासाठी आणखी एक चांगला खेळाडू घेतलाय आणि पैसे संपत आलेत! १९७२ मध्ये डेव्हिड निशसाठी २ लाख २५ हजार पौंड, हा तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. दोन्ही खेळाडू अस्सल निघाले. तरीही बोर्डाच्या मनात जे साचायचं ते साचत गेलं. पुढे निमित्त झालं क्लफच्या टीव्हीवरच्या आणि वर्तमानपत्रांतल्या फटकळ बोलण्याचं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये क्लफ आणि टेलर यांनी राजीनामे दिले आणि बोर्डाने ते चक्क मंजूर केले. खेळाडू चिडले, गावात मोर्चे निघाले, पण दार बंद झालं ते झालंच.

क्लफच्या चाहत्यांना वाटतं की बोर्ड कृतघ्न होतं. आपण लाँगसनच्या खुर्चीत बसून बघू. उद्या आमच्या कारखान्याचे मालक तीर्थयात्रेला गेले, आणि मी त्यांना फोन करून सांगितलं की नवी रोलिंग लाइन घेतली आहे, बँकेत आता थोडेच उरलेत. लाइन उत्तम चालली तरी ते मला ठेवतील? मला नाही वाटत. पैसे गेल्याचं दुःख ते विसरतील, पण न विचारल्याचं विसरणार नाहीत.

आणि राजीनामा ही दुधारी सुरी. देणाऱ्याला वाटतं, आपण धमकी देतोय. घेणाऱ्याला कधीकधी ती भेट वाटते. डर्बीने १९७५ साली डेव्ह मॅके यांच्या हाताखाली पुन्हा लीग जिंकली. क्लफने नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन १९७९ आणि १९८० असे दोन युरोपियन कप जिंकले, आणि तिथे ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख पौंडांचा सौदाही केला. म्हणजे दोघांचंही अडलं नाही. पण ती दोघं मिळून काय झाली असती, हे डर्बीत अजून कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट उलटी आहे, लीड्स युनायटेडची. इथे मॅनेजरने मागायचं आणि बोर्डाने द्यायचं, असं रामराज्य होतं. अध्यक्ष पीटर रिड्सडेल, मॅनेजर डेव्हिड ओलिअरी. २००० च्या नोव्हेंबरमध्ये रिओ फर्डिनंडसाठी १ कोटी ८० लाख पौंड मोजले. २००१ साली संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला. त्याच वर्षी पुढच्या अनेक वर्षांची तिकीटविक्री तारण ठेवून ६ कोटी पौंडांचं कर्ज काढलं. भरवसा एकच, की दरवर्षी आपण चॅम्पियन्स लीगमध्ये असूच. नेमकं तेच झालं नाही. एकदा चौथे आले, एकदा पाचवे. मग पडझड सुरू झाली. २००२ मध्ये ओलिअरी गेले, फर्डिनंड विकला गेला. नंतर आलेले टेरी व्हेनेबल्स खेळाडू विकू नका म्हणून भांडत राहिले, पण एकेक जण विकला गेला आणि २००३ च्या मार्चमध्ये तेही गेले. २००४ साली संघ वरच्या लीगमधून खाली गेला, २००७ मध्ये तिसऱ्या वर्गात. परत वर यायला २०२० उजाडलं. तो हिशेब पुढे बाहेर आला तेव्हा अध्यक्षांच्या ऑफिसात भाड्याने ठेवलेल्या गोल्डफिशचीही चर्चा झाली. पैसे संपले की लोक मासे मोजतात.

म्हणून 'बोर्ड कंजूस, मॅनेजर बिचारा' ही गोष्ट मला पूर्ण पटत नाही. लीड्समध्ये एखादा नॉरिस असता तर? शंभर पौंडांसाठी घासाघीस करणारा, सगळ्यांना नकोसा झालेला? कदाचित क्लब वाचला असता.

*

आता घरी येऊ. आपल्याकडे काय चित्र होतं?

मुंबईला फुटबॉल जुना. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या हैदराबादच्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हा कप मुंबईत येऊन जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९६२ साली जकार्ताला भारताला एशियाडचं सुवर्णपदक मिळालं ते याच रहीमसाहेबांच्या हाताखाली. तिथे ट्रान्सफर फी वगैरे भानगडच नव्हती. खेळाडू पोलिसात नोकरीला. मुंबईतही तेच. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, बँका. कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची, तो सकाळी खेळायचा आणि दुपारी टेबलावर बसायचा. खेळाडू फोडायचा म्हणजे त्याला जास्त चांगली नोकरी द्यायची. आईवडिलांच्या दृष्टीने हीच खरी ट्रान्सफर फी! भावाला चिकटवलं, क्वार्टर मिळालं, पेन्शन आली.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि हिशेब बदलला. परदेशी खेळाडू आले, करार आले, आकडे फुगले. मुंबईच्या महिंद्रा कंपनीचा संघ १९६२ पासूनचा, तो पुढे 'महिंद्रा युनायटेड' झाला. डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. २००७ साली एएफसी कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले. आणि २०१० साली कंपनीने संघ बंद करून टाकला. यापुढे शालेय आणि तळाच्या फुटबॉलवर लक्ष देऊ, असं कारण दिलं. कारण वाईट नव्हतं. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय. पण विचार करा, चार वर्षांपूर्वी देशात पहिला आलेला संघ आणि त्याच्या कोचला 'मला एक स्ट्रायकर द्या' म्हणून भांडायचीसुद्धा सोय उरली नाही.

पुणे एफसीचं तसंच. २००७ साली पिरामल समूहाने काढला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ नंतर तो संघ दिसला नाही. गोव्यात धेंपो आणि साळगावकर ही खाणमालकांची घराणी. धेंपोने पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं, आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली. २०१६ साली लीगच्या नव्या आराखड्यावरून वाद झाला, आणि धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब एकदमच राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

मला यात एक फरक जाणवतो. डर्बीत मोर्चे निघाले, कारण लोकांना वाटत होतं की क्लब आपला आहे, बोर्ड फक्त सांभाळणारं आहे. आपल्याकडे संघ म्हणजे कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ. ती ओळ खोडायला मैदानावर कोणाला विचारावं लागत नाही. कोल्हापूरचा अपवाद. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियममध्ये अख्खी पेठ बोर्ड म्हणून बसलेली असते. तिथला संघ बंद करून दाखवा बरं!

या सगळ्यात मला सर्वात आवडतो तो खालिद जमील. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, पुढे मुंबई एफसीत आला, दुखापतीने खेळ थांबला आणि २००९ साली त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. मुंबई एफसी श्रीमंत क्लब नव्हता. कोलकात्याचे आणि गोव्याचे क्लब नावाजलेले खेळाडू घ्यायचे, याच्या वाट्याला उरलेले. कूपरेज मैदानाचं काम चाललं तेव्हा घरच्या मॅचेससाठी पुण्याला जावं लागलं. दर वर्षी लोक म्हणायचे, यंदा हे खाली जाणार. सात वर्षं तो प्रशिक्षक होता, आणि एकदाही संघ खाली गेला नाही. खेळ देखणा नव्हता. बचाव करायचा, एक गुण घ्यायचा, पुढच्या गावी जायचं. आमच्या भाषेत, जुन्या मिलवर टनेज काढायचं.

२०१६ साली त्याची आणि क्लबाची वाट वेगळी झाली. तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेला. हा संघ आदल्या वर्षी खाली घसरलेला, आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून कसाबसा परत आत घेतलेला. मुंबई एफसीत त्याच्याबरोबर असलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथेही त्याच्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल देशाचं विजेतं झालं. ईशान्येकडचा पहिला संघ! आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर गेला. त्यानंतर तो क्लब वर आलाच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

या गोष्टीतून 'पैसे न देता काम होतं' असा अर्थ काढणारे निघतील. नॉरिसची जाहिरात भिंतीवर फ्रेम करून लावणारे मालक आजही आहेत. मला ती तशी वाटत नाही. सात वर्षं ज्याने पैसे न मागता घर सांभाळलं, त्याची किंमत ताळेबंदात कुठल्याच रकान्यात नव्हती. म्हणून तो गेला तेव्हा काही गेलं असं क्लबात कोणाला वाटलं नसावं. हिशेबनीस म्हणून सांगतो, जी गोष्ट स्वस्तात मिळत राहते तिची नोंद राहत नाही.

*

आता भाच्याचं. त्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कारखान्यातली पोरं बरीच आहेत.

एक म्हणजे, यादीचे दोन भाग कर. नवी क्रेन, मोठी भट्टी, जास्त टनेज, हे सगळं म्हणजे ट्रेव्हर फ्रान्सिस. मिळाला तर मजा, नाही मिळाला तर खालिद जमीलसारखं आहे त्यात खेळायचं. त्यावरून राजीनामा द्यायचा नाही. पण भट्टीचं अस्तर म्हणजे सेंटर फॉरवर्ड नव्हे. अस्तर फुटून वितळलेलं लोखंड पाण्याच्या कॉइलला लागलं तर स्फोट होतो, आणि समोर उभा असतो तो बिहारचा नाहीतर परतूरचा एखादा पोरगा. भट्टीवरच्या अपघातांच्या बातम्या आपण जालन्यात वाचल्या आहेत. तिथे घासाघीस नाही. त्या दिवशी हीट घ्यायची नाही, एवढा अधिकार खुर्चीत असतोच. तो वापरायला तिजोरीची किल्ली लागत नाही.

दुसरं, जे मागशील ते लिहून माग, तारीख घालून. १९४८ च्या कारखाने कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. गुन्हा घडला तर 'ऑक्युपायर' म्हणजे मालक-संचालक आणि 'मॅनेजर' या दोघांनाही जबाबदार धरलं होतं. फुटबॉलला शंभर वर्षांत जे जमलं नाही ते त्या एका कलमात होतं. पैसे देणारा आणि काम करणारा, दोघांची मान एकाच फासात. मालकाला हे रागाने नाही, कागद पुढे ठेवून शांतपणे दाखवायचं. "शेठजी, यात तुमचंही नाव आहे."

तिसरं, क्लफसारखं न विचारता करायचं नाही, आणि लीड्ससारखं मागितलं ते मिळालं म्हणून हुरळायचं नाही. मालकाचा 'नाही' ऐकून घ्यायचा आणि त्यामागचा आकडा विचारायचा. बऱ्याचदा त्यांच्यावरही कोणीतरी बसलेलं असतं. बँक असते, वीजबिल असतं, मुंबईचा व्यापारी असतो ज्याने तीन महिने पैसे दिलेले नाहीत.

तो म्हणाला, "मामा, भांडणं रोजची झालीत."

मी म्हटलं, होऊ देत. इतक्या क्लबांच्या गोष्टी वाचून मला एकच भीती वाटते, ती भांडणाची नाही. नॉरिस आणि चॅपमन घासाघीस करत होते तोवर आर्सेनल जिवंत होतं. महिंद्रा आणि पुण्याचे संघ बंद झाले ते मैदानावर कोणी भांडलं म्हणून नव्हे. पैशावरून भांडणाऱ्या मालकाला कारखाना अजून आपला वाटत असतो. ज्या दिवशी तो तुझी यादी न वाचता "हो हो, बघू" म्हणून बाजूला ठेवेल आणि आकडाही विचारणार नाही, त्या दिवशी दुसरी नोकरी शोधायला लाग.

सध्या तरी शेठजी आकडा विचारतात. अस्तराचं काम मागच्या आठवड्यात झालं. क्रेनचे दोर अजून बाकी आहेत, त्याचं तिसरं पत्र भाचा लिहितोय.